थेंबभर लवंग, काटेकोर हिशोब

दाढ ठणकली की लवंग, विडा टोचायला लवंग, मसालेभाताच्या फोडणीला लवंग. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारी ही कळी तेलाच्या रूपात साबण, टूथपेस्ट, आफ्टरशेव्ह आणि महागडे परफ्युम यांतही असते. ओळखीची आहे म्हणून तिच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि तोच विश्वास कधी कधी त्वचेला महागात पडतो. सुगंधासाठी घातलेलं लवंग तेल कधी सुरक्षित असतं, कधी नसतं आणि ते कोणते आकडे ठरवतात, याच्या या झटपट गोष्टी. वाचा आणि घरातल्या बाटल्या-डब्यांकडे एकदा नव्यानं बघा.

१. एका थेंबात तीन लवंगा

चांगल्या सुकलेल्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के सुगंधी तेल असतं. इतकं तेल देणारे मसाले फार थोडे. एक लवंग साधारण ०.१ ग्रॅमची धरली, तर तिच्यातून १५ ते २० मिलिग्रॅम तेल निघतं. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब भरतो सुमारे ५० मिलिग्रॅम. म्हणजे एका थेंबात तीन लवंगांचं सगळं तेल आलं आणि ५ मिलिलिटरच्या छोट्या चमच्यात तीनशेच्या आसपास लवंगांचं. पुलावात चार लवंगा जास्त पडल्या तरी जेवणाऱ्याला लगेच कळतं. चेहऱ्यावरच्या पुळीला तेलाचा थेंब लावताना मात्र हा हिशोब कुणी करत नाही. तो करायला हवा.

२. पाण्यात बुडणारं तेल

खोबरेल पाण्यावर तरंगतं, निलगिरीचं तेलही तरंगतं. लवंग तेल मात्र तळाशी जातं. त्यातला मुख्य घटक आहे युजेनॉल आणि त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, म्हणजे सुमारे १.०६. म्हणून आंघोळीच्या बादलीत दोन थेंब टाकून पाणी ‘सुगंधी’ करायचा बेत सोडून द्या. तेल पाण्यात विरघळत नाही, ते सौम्यही होत नाही. थेंब तसेच शुद्ध स्वरूपात राहतात आणि अंगाच्या ज्या भागावर पडतील तिथे आग होऊ शकते.

३. कळीचं, पानाचं, देठाचं

बाजारात ‘लवंग तेल’ या एकाच नावाखाली तीन वेगळी तेलं मिळतात. कळीच्या तेलात युजेनॉल साधारण ७० ते ८५ टक्के असतं, पानांच्या तेलात बहुधा ८० टक्क्यांच्या वर, तर देठांच्या तेलात ९० टक्क्यांच्याही पुढे. कळीच्या तेलात युजेनिल अ‍ॅसिटेटही बऱ्यापैकी असतं. त्यामुळे त्याचा वास गोलसर, किंचित फळांसारखा येतो आणि परफ्युमवाले त्याला जास्त भाव देतात. पानांचं आणि देठांचं तेल स्वस्त पडतं, म्हणून कळीच्या तेलात ते मिसळण्याची भेसळही चालते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे: बाटली बदलली की तेवढ्याच थेंबांतून त्वचेवर जाणारं युजेनॉलही बदलतं.

४. दरबारात तोंडात लवंग

सौंदर्यप्रसाधन म्हणून लवंगेचा प्रवास फार जुना. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात सम्राटाशी बोलताना श्वासाला सुवास यावा म्हणून दरबारी तोंडात लवंग धरत, अशी नोंद आहे. युरोपात संत्र्याला लवंगा टोचून तो सुगंधी गोळा खोलीत टांगत किंवा हातात बाळगत. तेव्हा जगातली सगळी लवंग इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरून, तेर्नाते आणि तिदोरेच्या परिसरातून येत असे. डचांनी भाव चढा ठेवण्यासाठी आपल्या ताब्याबाहेरच्या बेटांवरची झाडं तोडून टाकली. अखेर पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसानं १७७० मध्ये रोपं चोरून मॉरिशसला आणवली आणि ती मक्तेदारी मोडली. पुढे झांझिबार आणि मादागास्कर ही लवंगेची मोठी घरं झाली.

५. कोकणातल्या बागेतही

लवंगेचं झाड उष्ण, दमट हवेचं. भारतात ते मुख्यतः तमिळनाडू आणि केरळच्या डोंगराळ भागांत पिकतं. कोकणातही नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी यांच्या जोडीनं लवंग लावतात. ‘लाखी बाग’ या नावानं ही मिश्र पिकांची पद्धत शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली आहे. कळी उमलण्याआधी, हिरव्याची गुलाबीसर होत असताना खुडावी लागते. फूल उमललं की लवंगेचा भाव गेला. आपल्या साबणातला तो खमंग वास म्हणजे न उमललेल्या फुलाचा वास.

६. आफ्टरशेव्हपासून पॅरिसपर्यंत

१९३८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी आलेल्या ‘ओल्ड स्पाइस’च्या मसालेदार सुगंधात लवंगेची झाक आहे. भारतातल्या कितीतरी घरांत दाढीनंतरचा वास म्हणजे हाच. फ्रान्समध्ये कॅरोनचा ‘बेलोजिया’ (१९२७) आणि नीना रिचीचा ‘लेर द्यू तां’ (१९४८) हे परफ्युम कार्नेशनच्या फुलाच्या सुगंधासाठी नावाजले गेले. कार्नेशनचा अर्क मिळतो कमी आणि पडतो महाग. म्हणून परफ्युमर तो सुगंध युजेनॉल आणि त्याच्या जवळच्या रेणूंतून उभा करतात. पुष्कळ ‘फुलांच्या’ सुगंधांत अशी लवंग लपलेली असते. म्हणून केवळ वासावरून ‘यात लवंग नाही’ असं ठरवता येत नाही.

७. एक बंध सरकला की

युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल. दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू अगदी सारखेच. फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या जागेचा. तेवढ्यानं त्वचेवरची वागणूक मात्र पार बदलते. प्राण्यांवरच्या प्रमाणित चाचण्यांत युजेनॉल ‘सौम्य’ अ‍ॅलर्जीकारक ठरलं, तर आयसोयुजेनॉल त्याच्या कितीतरी पट तीव्र. म्हणून युरोपात तोंडासाठीची उत्पादनं वगळता इतर सौंदर्यप्रसाधनांत आयसोयुजेनॉलवर ०.०२ टक्क्यांची मर्यादा आहे. अशा नियमांमुळे कार्नेशनच्या सुगंधाची जुनी सूत्रं जशीच्या तशी वापरणं परफ्युमरना कठीण झालं. या दोन रेणूंच्या नात्याचा एक गोड पैलूही आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेनॉलचं आयसोयुजेनॉल करून त्यापासून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन बनवलं जाई.

८. आंब्याच्या बागेतला भाऊबंद

याच कुळातला तिसरा रेणू म्हणजे मिथाईल युजेनॉल. हापूसच्या बागायतदारांना तो चांगला माहीत आहे. फळमाशीचे नर त्याच्या वासावर झेपावतात, म्हणून बागेत टांगलेल्या ‘रक्षक’ सापळ्यांत आमिष म्हणून तोच वापरतात. तुळशीतही तो असतो आणि लवंग तेलात त्याचा अत्यल्प अंश असू शकतो. त्वचेच्या बाबतीत मात्र यावर कडक नजर आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं मिथाईल युजेनॉलला माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात, म्हणजे २अ मध्ये टाकलं. युरोपात परफ्युममध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०१ टक्के आहे, तर अंगावर राहणाऱ्या साध्या क्रीममध्ये ०.०००२ टक्के. लवंगेतल्या मुख्य युजेनॉलला याच संस्थेनं गट ३ मध्ये, म्हणजे ‘माणसातल्या कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवलं आहे. नावं जवळची असली तरी दोघांची गल्लत करू नका.

९. जळजळ वेगळी, अ‍ॅलर्जी वेगळी

तेल लावताच आग झाली, त्वचा लाल झाली, धुतल्यावर हळूहळू उतरली: ही जळजळ. प्रमाण जास्त झालं की ती कुणालाही होऊ शकते. अ‍ॅलर्जीचा मामला निराळा. युजेनॉलचे लहान रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला शत्रू समजतात आणि लक्षात ठेवतात. पहिल्या काही वापरांत काहीच होत नाही. वर्षानुवर्षं तेच क्रीम वापरणाऱ्याला एके दिवशी अचानक खाज, पुरळ, पापुद्रे सुरू होतात, तेही लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून दोष कोणाचा हे चटकन ध्यानात येत नाही. आणि एकदा बसलेली ही आठवण बहुधा आयुष्यभर टिकते. पुढे अगदी थोडं युजेनॉलही पुरतं.

१०. बधिर झालं म्हणजे बरं झालं असं नाही

दाढदुखीत लवंग का लागू पडते? युजेनॉल मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या अडवतं आणि वेदनेचा संदेश पुढे जात नाही. दंतवैद्य झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं मिश्रण तात्पुरत्या भरणासाठी एकोणिसाव्या शतकापासून वापरत आले आहेत. पण त्वचेवर हाच गुण फसवा ठरतो. जास्त तेलानं पेशी दुखावत असल्या तरी बधिरपणामुळे वेळेत कळत नाही. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची हकिगत छापून आली. दाढदुखीसाठी आणलेलं लवंग तेल तिच्या चेहऱ्यावर सांडलं. त्या जागेची संवेदना कायमची गेली आणि तिथे घाम येणंही थांबलं.

११. पाठीवर चिकटवलेला तपास

सुगंधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे शोधायचं तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवायच्या, दोन दिवसांनी काढायच्या, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. यातली एक चकती असते ‘फ्रॅग्रन्स मिक्स १’ची. १९७७ पासून वापरात असलेल्या या मिश्रणात आठ सुगंधद्रव्यं आहेत आणि युजेनॉल त्यांतलं एक. आयसोयुजेनॉलही याच चकतीत असतं, शिवाय दालचिनीतलं सिनॅमाल. म्हणजे मसाल्याच्या डब्यातली तीन ओळखीची माणसं एकाच चकतीवर. युरोपात सर्वसाधारण लोकसंख्येतल्या सुमारे १ ते ३ टक्के लोकांना सुगंधांची संपर्क-अ‍ॅलर्जी असते, असा अंदाज आहे. ही संख्या लहान नाही.

१२. एका थेंबाने चार किलो क्रीम

युरोपियन युनियननं २००३ मध्ये कायदा दुरुस्त करून २६ सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांची यादी केली. मार्च २००५ पासून ठरावीक प्रमाणाच्या वर असल्यास त्यांची नावं लेबलवर लिहिणं बंधनकारक झालं. युजेनॉल त्या यादीत आहे. अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनसाठी ही रेषा ०.००१ टक्क्यांवर आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूसाठी ०.०१ टक्क्यांवर आखली आहे. लवंग तेलाच्या एका थेंबात सुमारे ४० मिलिग्रॅम युजेनॉल असतं. चार किलो क्रीममध्ये हा एक थेंब नीट मिसळला, तरी ते क्रीम या रेषेपर्यंत पोचतं! ही रेषा बंदीची नाही, माहिती देण्याची आहे. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला डबी उघडण्याआधी कळावं, एवढ्यासाठी ती आहे.

१३. २६ वरून ८० पार

२०२३ मध्ये युरोपनं ही यादी वाढवून ८० हून अधिक नोंदींपर्यंत नेली. लवंगेच्या पानांचं आणि फुलांचं तेल, युजेनिल अ‍ॅसिटेट, बीटा-कॅरिओफायलीन असे लवंगेशी नातं सांगणारे घटक त्यात आले. नव्या उत्पादनांना हा नियम ३१ जुलै २०२६ पासून लागू होतो आणि बाजारात आधीपासून असलेल्या उत्पादनांना ३१ जुलै २०२८ पर्यंत मुदत आहे. अमेरिकेतही २०२२ च्या कायद्यानं सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांची नावं लेबलवर आणण्याची जबाबदारी तिथल्या अन्न व औषध प्रशासनावर टाकली. नियम बदलण्यामागे रुग्णांच्या पाठीवरच्या चकत्या आहेत. अशा हजारो तपासण्यांतून कोणते घटक त्रास देतात ते दिसत गेलं.

१४. उद्योगाचा स्वतःचा लगाम

सुगंध उद्योगाची जागतिक संघटना ‘इफ्रा’ १९७३ पासून आहे. कोणतं सुगंधद्रव्य कोणत्या उत्पादनात किती घालायचं, याची मानकं ती ठरवते. त्यासाठी उत्पादनांचे १२ गट केले आहेत: ओठांवर लागणारी वेगळी, काखेतली वेगळी, परफ्युम वेगळे, धुऊन जाणारी वेगळी. युजेनॉलची मर्यादा या गटांनुसार बदलते. काखेतली त्वचा पातळ, घामट आणि दाढी करताना खरवडलेली, म्हणून तिथले आकडे कडक. केसांच्या शाम्पूला तेवढी कडक मर्यादा लागत नाही. यावरून घरच्यासाठीही एक धडा मिळतो: ‘लवंग तेल किती चालेल?’ या प्रश्नाआधी ‘ते कुठे लावायचं आहे आणि किती वेळ राहणार आहे?’ हे विचारायचं.

१५. अर्ध्या टक्क्याचं गणित

घरी क्रीम, केसांचं तेल किंवा मालिशचं तेल बनवणाऱ्यांसाठी हा सगळ्यात कामाचा आकडा. सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरच्या मान्यताप्राप्त ग्रंथात, टिसरँड आणि यंग यांच्या पुस्तकात, त्वचेवर लवंग तेलाची कमाल मात्रा ०.५ टक्के दिली आहे. थेंबांत मोजायचं तर:

१०० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात जास्तीत जास्त १० थेंब.
५० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ५ थेंब.
३० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ३ थेंब.

ही कमाल मर्यादा आहे. चेहऱ्यासाठी त्याहूनही कमी घ्या. ड्रॉपरप्रमाणे थेंबाचा आकार बदलतो, म्हणून शंका असेल तर एक थेंब कमीच बरा. ओठ, डोळ्यांभोवतीची जागा आणि सोललेली किंवा पुरळ आलेली त्वचा पूर्ण वगळा. दोन वर्षांखालच्या बाळांना हे तेल अजिबात लावू नका.

१६. काचेच्या बशीतल्या पेशी

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर लवंग तेल टाकलं. अवघ्या ०.०३ टक्के प्रमाणातही त्या पेशींना ते विषारी ठरलं. मग ०.५ टक्क्यांचं तेल अंगाला लावलं तर? घाबरू नका. बशीतल्या पेशी उघड्या असतात. आपल्या त्वचेवर मृत पेशींचा टणक थर असतो आणि तेल त्यातून हळूहळू, थोडंथोडं आत जातं. पण हाच थर खरचटलेल्या, भाजलेल्या किंवा एक्झिमा झालेल्या जागी तुटलेला असतो. तिथे लवंग तेल का नको, ते हा प्रयोग सांगून जातो.

१७. साबणाची घाई

घरी साबण बनवणाऱ्यांचा हमखास अनुभव: कॉस्टिक आणि तेलांच्या मिश्रणात लवंग तेल पडलं की ते बघता बघता घट्ट होतं, साच्यात ओतायलाही सवड देत नाही. युजेनॉल फिनॉल जातीचं असल्यामुळे अल्कलीशी लगेच प्रतिक्रिया करतं. अशा साबणाचा रंगही तपकिरीकडे झुकतो. बाटलीत हवा आणि उजेड लागूनही लवंग तेल गडद होत जातं. म्हणून ते गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणाखाली ठेवा. ते काही प्लास्टिकनाही मऊ करतं आणि विरघळवतं. थर्माकोलच्या कपात तर ओतूच नका.

१८. तण जाळतं, मासे झोपवतं, तलवार जपतं

एका तेलाच्या अंगात किती ताकद असते पाहा. परदेशात लवंग तेलापासून बनवलेली तणनाशकं मिळतात. ती पानांच्या पेशींची आवरणं फाडून तण सुकवतात. संशोधक माशांना हाताळण्याआधी पाण्यात लवंग तेल मिसळून त्यांना गुंगी देतात. जपानमध्ये सामुराई तलवारींच्या पात्यांना गंज लागू नये म्हणून लावायच्या तेलात पारंपरिकपणे थोडं लवंग तेल असतं. तैलरंगांत काम करणारे काही चित्रकार रंग उशिरा सुकावा म्हणून त्यात लवंग तेलाचे थेंब मिसळतात. हे सगळं करू शकणारं द्रव्य त्वचेवर आलं की तिथेही काहीतरी करणारच. त्याला कमी मात्रेत, विरळ करून वापरणं हीच त्याची खरी कदर.

१९. टूथपेस्ट, मंजन आणि ओठांच्या कडा

लवंग तेलाच्या नावावर घराघरांत पोचलेली ‘प्रॉमिस’ टूथपेस्ट अनेकांना आठवत असेल. आजही पुष्कळ आयुर्वेदिक टूथपेस्ट आणि मंजनांत लवंग असते. भारतात टूथपेस्ट कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांत मोडते. ती तोंडात थोडा वेळ राहते आणि चूळ भरली की निघून जाते, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही. पण ओठांच्या कडांना वारंवार चिरा, तोंडाभोवती लालसर पुरळ, हिरड्यांत चुरचुर असं काही होत असेल, तर महिनाभर टूथपेस्ट बदलून पाहा आणि दंतवैद्याला सांगा. युजेनॉल रोज हाताळणाऱ्या दंतवैद्यांच्या बोटांवर याच कारणानं एक्झिमा झाल्याच्या नोंदी आहेत.

२०. मुलं आणि मांजरं

ही गोष्ट पोटतिडकीनं सांगायची. लवंग तेलाची छोटी बाटली औषधी वाटते, म्हणून ती हाताशी ठेवली जाते आणि तिथेच मुलांचा हात पोचतो. १९९३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकानं दोन वर्षांच्या मुलाची नोंद छापली. त्यानं ५ ते १० मिलिलिटर तेल प्यायलं होतं. तो बेशुद्ध झाला, त्याला झटके आले, यकृताला इजा झाली. अतिदक्षतेच्या उपचारांनी तो वाचला. असं घडलंच तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाऊन त्रास वाढतो. बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठा. घरात मांजर असेल तर आणखी जपा. मांजरांच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची क्षमता फार कमी असते, त्यामुळे लवंग तेल त्यांच्या अंगाला लावू नका आणि बंद खोलीत त्याचा डिफ्युझरही नको.

२१. खरं की नुसता समज?

‘नैसर्गिक आहे, म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही.’ नुसता समज. युजेनॉल लवंगेतून आलेलं असो की कारखान्यात बनलेलं, रेणू तोच आणि त्वचेची प्रतिक्रियाही तीच.

‘लवंग तेल लावून उन्हात गेलं की डाग पडतात.’ समज. बर्गामोटसारख्या काही तेलांनी असं होतं, लवंग तेल त्या गटात नाही.

‘खायला चालतं म्हणजे लावायलाही चालतं.’ समज. अन्नात युजेनॉलसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज २.५ मिलिग्रॅमपर्यंतचं सेवन स्वीकार्य मानलं आहे. पण आतड्यातून जाणं आणि त्वचेशी तासन्‌तास चिकटून राहणं हे वेगवेगळे मार्ग आहेत. अ‍ॅलर्जीची सुरुवात बहुधा त्वचेतूनच होते.

‘पुळीवर शुद्ध लवंग तेल लावलं की ती रात्रीत बसते.’ धोक्याचा समज. जंतूंवर ते परिणाम करतं हे खरं, पण शुद्ध तेलानं त्वचा भाजून मागे काळा डाग राहू शकतो.

‘बहुतेकांना लवंगेच्या सुगंधी उत्पादनांचा त्रास होत नाही.’ हे खरं. मर्यादेतल्या प्रमाणात बहुसंख्य लोक ती आनंदानं वापरतात.

२२. लेबल वाचायची पाच सूत्रं

एक: घटकांच्या इंग्रजी यादीच्या शेवटाकडे पाहा. युजेनॉल, लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल ही नावं बहुधा तिथे सापडतात.

दोन: भारतीय उत्पादनांवर सुगंधाचं सगळं मिश्रण पुष्कळदा ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दात उरकलेलं असतं. त्यामुळे युजेनॉलचं नाव दिसलं नाही तरी ते नाहीच असं समजू नका.

तीन: लवंग तेल लेबलवर वनस्पतीच्या शास्त्रीय नावानंही येतं, ‘युजेनिया कॅरिओफायलस’ किंवा ‘सिझिजियम अ‍ॅरोमॅटिकम’.

चार: ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ यांत फरक आहे. पहिल्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य असू शकतं. अ‍ॅलर्जी असणाऱ्यानं दुसरं निवडावं.

पाच: अ‍ॅलर्जी युजेनॉलची ठरली असेल, तर दालचिनीच्या पानांचं तेल, तुळशीचं तेल, ‘बे रम’ आफ्टरशेव्ह यांचीही नावं तपासा. युजेनॉल त्यांतही असतं.

२३. कोपराच्या आतली पंधरा दिवसांची परीक्षा

नवं सुगंधी क्रीम किंवा घरी बनवलेलं तेल थेट चेहऱ्याला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटी जागा ठरवा. दिवसातून दोनदा थोडंसं उत्पादन त्याच जागी लावा आणि एक ते दोन आठवडे चालू ठेवा. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जी उशिरा आणि पुन्हापुन्हा लावल्यावर उमटते. खाज, लाली, बारीक फोड यांपैकी काही दिसलं की थांबा आणि जागा सौम्य साबणानं धुवा. त्रास टिकला तर ती डबी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घटकांची यादी समोर असली की पॅच टेस्टमध्ये कोणत्या चकत्या लावायच्या हे त्यांना लगेच ठरवता येतं. आणि परीक्षा पास झाली, तर लवंगेच्या त्या उबदार सुगंधाचा मनापासून आनंद घ्या. पण नवी बाटली उघडलीत किंवा दुसऱ्या कंपनीचं तेल आणलंत, की ही परीक्षा पुन्हा घ्या.